कॉलेजची देणगी आणि कॉलेजची वही



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा एका छोट्या खासगी कॉलेजात शिकवीत होते. आपल्या बेटावर माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात, त्या अर्थाने कॉलेज. सुट्टीत ऑफिसची आवराआवर चालली होती आणि जुन्या कपाटाचा एक खण रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. खणात जुनी हजेरीपत्रके होती, वाळलेली शाईची बाटली होती आणि रबराने बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा होता. त्या गठ्ठ्यात इंग्लंडहून आलेले एक पाकीट सापडले. आत एक पत्र आणि एक चेक.

पत्र लिहिणारी बाई आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. तिने नर्स म्हणून इंग्लंडात सारी नोकरी केली होती. तिने लिहिले होते की, आपल्या आईने उसाच्या शेतात राबून आपल्याला शिकवले. आई आता नाही. तिच्या नावाने दर वर्षी एका गरजू मुलीच्या पुस्तकांचा खर्च करावा अशी आपली इच्छा आहे. हा पहिल्या वर्षाचा चेक, पुढे काय करायचे ते कळवावे. पत्रावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. चेकची मुदत केव्हाच टळून गेली होती.

मी पत्र घेऊन रेक्टर साहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, "मिस, हे पत्र माझ्यापर्यंत आलेच नाही. आणि आले असते तरी उत्तर कोणी लिहायचे, हे आपल्याकडे ठरलेले कुठे आहे?"

त्या दोन वर्षांत लोअर सिक्समधली एक हुशार मुलगी कॉलेज सोडून दुकानात कामाला लागली होती. घरची परिस्थिती बिकट होती. त्या चेकने ती थांबली असती असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण थांबली नसती असेही मला सांगता येत नाही.

मी त्या बाईंना क्षमा मागणारे पत्र लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. दोनच ओळी होत्या. त्यांचा मथितार्थ असा, की उत्तर आले नाही तेव्हा कॉलेजला गरज नसावी असे मी समजले.

हे वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. म्हणून आज मी देणग्यांविषयी, आणि त्याहूनही देणग्या सांभाळणाऱ्या ऑफिसाविषयी लिहीत आहे.

कोणी विचारील, की १९७७ सालापासून आपल्याकडे माध्यमिक शिक्षण मोफत आहे, खासगी कॉलेजांनाही सरकारी अनुदान मिळते, मग देणग्या कशाला? प्रश्न रास्त आहे. अनुदानातून पगार होतात, रोजचा गाडा चालतो. परंतु प्रयोगशाळेत नवे सूक्ष्मदर्शक आणायचे, ग्रंथालयात मराठीची चार पुस्तके वाढवायची, वादळात उडालेले पत्रे बसवायचे, एखाद्या मुलाच्या वरच्या वर्गाच्या पुस्तकांची सोय करायची, म्हटले की मॅनेजर आणि रेक्टर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग काय होते? फॅन्सी फेअर होते. पालक डोल पुरी आणि गातो पिमां करून आणतात, मुले तिकिटे विकतात, एक दिवस मजेत जातो आणि थोडे पैसे जमतात. मी फॅन्सी फेअरच्या विरुद्ध नाही. तिथे लोक एकत्र येतात, हेही मोठे काम आहे. पण संध्याकाळी तंबू उतरला की कोण आले होते, कोणी किती दिले, कोणाला पुन्हा भेटले पाहिजे, याची नोंद कोठेच राहत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विहीर खणायची आणि दर वर्षी बुजवायची, असा हा प्रकार आहे.

आता आपल्याच भाषेतल्या माणसांनी हे काम कसे केले ते पाहू.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते १८९१ पासून १९१४ पर्यंत गणित शिकवीत होते. १८९६ साली त्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसा कॉलेजात शिकवायचे, मग पायी हिंगण्याला जायचे, आणि सुट्टी आली की गावोगाव वर्गणीसाठी फिरायचे, असा त्यांचा क्रम होता. स्वतःची ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. मागणाऱ्याने आधी स्वतः दिले पाहिजे, हा धडा त्यांनी व्याख्यान न देता शिकवला.

१९१६ साली कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लोकांना ते वेड वाटले. परंतु चारच वर्षांनी, १९२० साली, मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो तेच हे. ही देणगी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर रुपयांच्या राशी येतात. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या हाती दर वर्षी यायचे ते साडेतीन टक्के दराने होणारे व्याज, म्हणजे ५२,५०० रुपये. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजावर काम चालवायचे, असा तो हिशेब होता. देणगीला अटीही जोडलेल्या होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ठाकरसींची देणगी आकाशातून पडली नाही. तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची छोटी छोटी वर्गणी होती. एक एक रुपया देणारी माणसे नसती, तर संस्था १९२० पर्यंत टिकलीच नसती, आणि जी संस्था टिकली नाही तिला १५ लाख कोण देणार?

आणि १५ लाख मिळाल्यावर कर्वे घरी बसले का? मुळीच नाही. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आले. १९३० च्या डिसेंबरात पुन्हा बोटीत बसले ते आफ्रिकेला जाण्यासाठी, आणि १९३२ पर्यंत पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांमध्ये फिरून त्यांनी आपल्या कामाची माहिती दिली आणि निधी जमवला. समुद्रापार गेलेली माणसे आपली आहेत आणि त्यांना विचारले तर ती हात आखडता घेणार नाहीत, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. आज फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेली आपल्या बेटावरची मुले आपल्या कॉलेजांना ठाऊक आहेत का? त्यांचे पत्ते तरी आहेत का?

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे काम साताऱ्यास नेले. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. भाऊरावांची दुसरी युक्ती मुष्टिफंडाची. घरात दळण-कांडण करताना मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढायचे. रोख पैसा ज्यांच्या हाती कधी येत नसे अशा शेतकऱ्यांच्या बायकाही त्यायोगे देणगीदार झाल्या. मूठभर ज्वारीने पैशाच्या राशी होत नाहीत, परंतु 'ही शाळा माझी आहे' असे म्हणणारी हजारो घरे होतात. त्याच संस्थेचे पहिले कॉलेज, छत्रपती शिवाजी कॉलेज, १९४७ साली साताऱ्यात सुरू झाले.

त्यांच्याविषयी एक गोष्ट तिकडे सांगतात. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, पण शिवाजी महाराजांचे नाव काढून आपले नाव द्यावे अशी अट घातली. भाऊराव उत्तरले, की एक वेळ मी बापाचे नाव बदलीन पण महाराजांचे बदलणार नाही. कर्व्यांनी नाव स्वीकारले, भाऊरावांनी नाकारले. दोघेही बरोबर होते, कारण कोणते नाव कशासाठी द्यायचे हे दोघांच्याही मनात पक्के होते. अमेरिकेत येल विद्यापीठ आहे. ते नाव एलिहू येल याचे. हा मनुष्य ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याने पैसा तेथेच केला. १७१८ साली त्याने त्या छोट्या कॉलेजला माल, पुस्तके आणि राजाचे एक चित्र पाठवले. मालाचे सुमारे ५६२ पौंड आले आणि नाव मात्र तीनशे वर्षे टिकले. मद्रासमध्ये गुलामांच्या व्यापाराशी त्याचा संबंध होता म्हणून आज त्याच नावावर टीका होते. गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींची आठवण जपणाऱ्या आपल्या बेटाला यातला बोध वेगळा सांगायला नको. पैसे हाती येण्याआधी, कोणते पैसे घ्यायचे आणि कोणत्या अटीवर घ्यायचे, हे कमिटीने लिहून ठेवावे.

आता अलीकडची एक घटना. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात स्वीट ब्रायर नावाचे मुलींचे छोटे खासगी कॉलेज आहे. स्थापना १९०१ ची. ३ मार्च २०१५ रोजी विश्वस्तांनी अचानक जाहीर केले, की उन्हाळ्यानंतर कॉलेज कायमचे बंद होईल. मुली कमी येत होत्या आणि खर्च भागत नव्हता. चमत्कार असा, की कॉलेजकडे ठेवी होत्या, त्याही ८ कोटी डॉलरहून अधिक. पण त्यातला मोठा भाग विशिष्ट कामांसाठी बांधलेला होता. शिष्यवृत्तीचे पैसे विजेच्या बिलाला वापरता येत नाहीत.

जुन्या विद्यार्थिनी खवळून उठल्या. त्यांनी स्वतःची संस्था उभारली, वकील केले, एकमेकींना शोधून काढले आणि घराघरातून देणगीची वचने घेतली. प्रकरण कोर्टात गेले. शेवटी २० जून २०१५ रोजी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या मध्यस्थीने तडजोड झाली. जुन्या विद्यार्थिनींनी १ कोटी २० लाख डॉलर देण्याचे कबूल केले, बांधलेल्या ठेवींपैकी १ कोटी ६० लाख डॉलर वापरण्याची मोकळीक मिळाली, जुने विश्वस्त व अध्यक्ष बाजूला झाले. कबूल केलेले पैसे त्यांनी उन्हाळा संपता संपता भरले. ते कॉलेज आजही चालू आहे.

या गोष्टीचे लोक कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यातून एक टोचणारा प्रश्न सुचतो. साडेतीन महिन्यांत १ कोटी २० लाख डॉलरची वचने देणाऱ्या या बायका कालच जन्मल्या होत्या काय? त्या तेथेच होत्या. परिस्थिती अशी आहे, तुम्ही काय करू शकाल, असे बंद करण्याचा ठराव होण्यापूर्वी त्यांना मोकळेपणाने विचारले असते, तर एवढा आकांत कदाचित टळला असता. घराला आग लागल्यावर शेजारी धावून येतात हे खरे, पण शेजाऱ्याची ओळख आग लागण्यापूर्वी असलेली बरी.

तर मग छोट्या कॉलेजाने काय करावे? मोठ्या विद्यापीठांत या कामाला मोठमोठे विभाग असतात, पगारी माणसे असतात. आपल्याला ते परवडणार नाही आणि त्याची जरूरही नाही. एक टेबल, एक वही आणि आठवड्यातले दोन दुपारचे तास देणारा एक जबाबदार माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. आमच्या कॉलेजात ते काम, पत्र सापडल्याची शिक्षा म्हणा किंवा बक्षीस म्हणा, माझ्याच गळ्यात पडले. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट वहीची. जुन्या प्रवेशपुस्तकांतून नावे उतरवून घ्यावी. कोण कोठे आहे, कोणाचे भाऊबंद येथे आहेत, हे बैठकीत, लग्नात, गणेश चतुर्थीच्या विसर्जनाला सहज कळते. आता वही म्हणजे संगणक असला तरी चालेल. मात्र २०१७ च्या माहिती-संरक्षण कायद्याची आठवण ठेवावी. लोकांचे पत्ते आणि फोन त्यांच्या संमतीने ठेवावे, आणि 'मला लिहू नका' असे कोणी म्हटले तर त्याचे नाव त्याच दिवशी बाजूला काढावे.

दुसरी गोष्ट पावतीची. पैसे आले की आठवड्याच्या आत पावती आणि रेक्टरांच्या सहीचे आभाराचे पत्र गेलेच पाहिजे. रक्कम १०० रुपये असो वा १ लाख. आणि वर्ष संपताना, त्या पैशाचे काय झाले हे सांगणारे दुसरे पत्र, ज्यात काहीही मागितलेले नसेल. आमच्याकडे सगळ्यात अधिक गुण आला तो या दुसऱ्या पत्राला.

तिसरी गोष्ट हिशेबाची. देणगीचे खाते वेगळे, चेकवर दोन सह्या, आणि वर्षाचा तपासलेला जमाखर्च फलकावर लावलेला. देणाऱ्याने पुस्तकांसाठी दिले असेल तर पुस्तकेच. परंतु मागतानाच, शक्य असेल तेव्हा, 'जेथे अधिक गरज असेल तेथे वापरावे' अशी मुभा नम्रपणे मागून घ्यावी. स्वीट ब्रायरचा धडा तोच आहे. आणि कोणी 'मी पैसे जमवून देतो, मला शेकडा इतके द्या' म्हणत आला, तर त्याला हात जोडावे. देणग्या जमवण्याचे काम पेशा म्हणून करणाऱ्यांच्या मोठ्या संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीने मोबदला घेणे वर्ज्य मानले आहे. मग आपण त्या फंदात का पडावे?

चौथी गोष्ट मागण्याची. पत्राने थोडे मिळते, फोनने त्याहून बरे, आणि समोर बसून बोलल्याने सर्वांत अधिक. ते काम कारकुनावर सोडून भागत नाही. रेक्टरने आणि कमिटीच्या सभासदांनी स्वतः जावे, आणि जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपापली वर्गणी भरलेली असावी. आमच्या कमिटीतल्या एका काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला मागायची लाज वाटते." मी म्हटले, "काका, स्वतःसाठी मागत असाल तर लाज वाटू द्या. मुलांसाठी मागायला कसली लाज?" ते पुढच्या आठवड्यात तीन घरी जाऊन आले. दोन घरी चहा मिळाला, तिसऱ्या घरी चेक. आणि ज्या दोन घरी नुसता चहा मिळाला त्यांचीही नावे मी वहीत लिहून ठेवली.

एक सावधगिरीही सांगते. या ऑफिसाने पहिल्या वर्षी फारसे काही आणले नाही तर निराश होऊन ते बंद करू नये. पहिली दोन वर्षे नावे शोधण्यात आणि गेलेला विश्वास मिळवण्यातच जातात. आमच्या रेक्टर साहेबांनी ते धीराने सोसले, हे त्यांचे उपकार मी मानते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण वर्गात मुलांकडून घोकून घेतो, तळ्याला बांध घातलेला असला तरच ती खरी ठरते. ऑफिस म्हणजे तो बांध.

आता त्या इंग्लंडच्या बाईंविषयी सांगते आणि हा लेख संपवते. मी त्यांना दर वर्षी एक पत्र पाठवीत राहिले. कॉलेजात काय चालले आहे, मराठीच्या वर्गात किती मुले आहेत, पेपर कसे गेले, एवढेच. पैशाचा शब्दही नाही. पहिल्या वर्षी उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी नाताळचे कार्ड आले. तिसऱ्या वर्षी चेक आला, आणि सोबत त्यांच्या आईचा जुना फोटो. आईच्या नावाने आता दर वर्षी एका मुलीला पुस्तके मिळतात. चेक आला त्याच दिवशी मी उत्तर लिहिले आणि शाळा सुटल्यावर स्वतः पोस्टात नेऊन टाकले.

दुकानात कामाला लागलेली ती मुलगी मला कधी कधी बाजारात भेटते. "कशा आहात, मिस?" म्हणून हसून विचारते. तिच्या मनात काही नाही. माझ्या मात्र मनात ते पाकीट येते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या कॉलेजाच्या, मराठी शाळेच्या किंवा बैठकीच्या कमिटीवर आहात. आज घरी गेल्यावर कमिटीच्या कपाटाचा खण एकदा उघडून पाहा. कोणाचे पत्र उत्तराची वाट पाहत पडले असेल, सांगता येत नाही.